डुकरांचा खोकला, ताप आणि विषाणू : गोव्यातल्या वराहपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, केपे, काणकोण या भागांत पाच-दहा डुकरं पाळणारी घरं आहेत, आणि आता पन्नास-शंभर डुकरांचे फार्मही उभे राहिले आहेत. दोन्हीकडून येणारे प्रश्न जवळजवळ सारखेच असतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. औषधांची मात्रा मुद्दाम दिलेली नाही. ती जनावर बघितल्यावर डॉक्टरांनी ठरवायची असते.

आमची डुकरं खोकतात. विषाणूच असणार ना?

असेलच असं नाही. गोव्यातल्या लहान गोठ्यात खोकला ऐकू आला की मी आधी जंतांचा विचार करतो. डुकराच्या पोटातल्या मोठ्या गोल जंतांच्या अळ्या आतड्यातून यकृतात आणि तिथून फुफ्फुसात जातात. फुफ्फुसातून त्या घशाशी येतात आणि गिळल्या जाऊन परत पोटात पोचतात. या प्रवासात पिल्लं खोकतात आणि धापा टाकतात. मोकळ्या सोडलेल्या, माती उकरणाऱ्या डुकरांना फुफ्फुसातले जंतही होतात, आणि ते गांडुळांतून येतात. परसात डुकरं सोडायची आपली जुनी पद्धत या जंतांच्या फार सोयीची. डुक्कर कापलं की यकृत बघा. त्यावर दुधासारखे पांढरे डाग असतील तर गोठ्यात जंत आहेत आणि जंतांचं औषध वेळेवर पडलेलं नाही.

दुसरं कारण कोरड्या खाद्याची धूळ, तिसरं मुताचा वास कोंडलेली हवा. चौथं मायकोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जीव. हा विषाणू नाही, जीवाणूंतला आहे. डुकरं उठवली, थोडी पळवली की कोरडा, ठसक्यासारखा खोकला येतो, खाणं मात्र चालू राहतं, ताप नसतो किंवा किरकोळ असतो, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. असं असेल तर मायकोप्लाझ्माचा संशय घ्यावा. डुकरं मरत नाहीत म्हणून पाळणारा दुर्लक्ष करतो. पण खाद्य तेवढंच खाऊन वजन कमी भरतं, आणि हे नुकसान वहीत कुठेच दिसत नाही.

विषाणूचा खोकला बहुतेक वेळा अचानक येतो. काल सगळी ठीक होती आणि आज अर्धा गोठा पडून आहे, असं दिसलं तर विषाणू डोक्यात आणावा.

डॉक्टरांना फोन करताना काय सांगायचं?

'डुक्कर आजारी आहे' एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही. किती डुकरं आहेत, त्यांतली किती आजारी आहेत, कोणत्या वयाची आहेत, कधीपासून, किती मेली, हे सांगा. गाभण माद्यांपैकी कोणी गाभडली का, गेल्या महिन्यात नवीन जनावर आणलं का, खायला काय घालता, हेही सांगा. शेवटचे दोन प्रश्न विचारले की बरेच जण गप्प होतात, आणि निदान नेमकं तिथेच अडतं.

ताप मोजून ठेवला तर फारच चांगलं. साधा डिजिटल थर्मामीटर गुदद्वारातून लावायचा. निरोगी डुकराचं तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ४० च्या वर गेलं की ताप. दुपारच्या उन्हात मोजू नका, सकाळी मोजा. श्वास मोजायचा तर डुक्कर झोपलेलं असताना कूस किती वेळा हलते ते मिनिटभर बघा. मोठ्या डुकराचे निवांत असताना तीसपर्यंत श्वास होतात. पोट आत ओढून, झटका देऊन श्वास घेत असेल तर आकडा काहीही असो, लगेच फोन करा.

फुफ्फुसावर येणारे मुख्य विषाणू कोणते?

चार सांगतो. यांतले दोन पाळणाऱ्याला खरंच रडवतात.

पहिला डुकरांचा फ्लू. एच१एन१, एच३एन२, एच१एन२ हे त्याचे नेहमीचे प्रकार. लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत ताप चढतो, डुकरं एकमेकांना चिकटून पडून राहतात, उठवली तरी उठत नाहीत, नाक गळतं, भुंकल्यासारखा खोकला येतो. दिसायला भयंकर. गोठ्यातली जवळजवळ सगळी आजारी पडतात आणि पाच-सात दिवसांत तितक्याच लवकर उभी राहतात. दुसरा जंतू मागून शिरला नाही तर मृत्यू फार थोडे. स्वच्छ पाणी, कोरडी जागा आणि न डिवचणं हाच अर्धा उपचार.

दुसरा पीआरआरएस. हे लांबलचक इंग्रजी नावाचं लघुरूप आहे, आणि त्या नावात प्रजनन आणि श्वसन दोन्ही आहेत. अमेरिकेत हा आजार १९८७ मध्ये लक्षात आला, युरोपात १९९० मध्ये, आणि १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या लेलीस्टाडच्या प्रयोगशाळेत विषाणू सापडला. भारतात तो २०१३ मध्ये मिझोरममध्ये आढळला आणि तिथल्या वराहपालकांचं मोठं नुकसान झालं. फुफ्फुसात आलेले जंतू गिळून टाकणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या मॅक्रोफेज पेशींतच हा वाढतो आणि त्यांना मारतो. त्या गेल्या की एरवी नाकात-घशात गप्प बसलेले जीवाणू मोकाट सुटतात. डुक्कर मरतं ते बऱ्याचदा या मागून आलेल्यांमुळे.

तिसरा सर्कोव्हायरस, म्हणजे पीसीव्ही-२. जनावरांत आजार आणणाऱ्या विषाणूंत हा अगदी लहान, पण चिवटपणात पुढे. दूध तोडल्यानंतरची दोन ते चार महिन्यांची पिल्लं खात असूनही वाळत जातात, पाठीचा कणा दिसू लागतो, कातडी फिकट पडते, कधी पिवळी होते, जांघेतल्या गाठी सुजतात, श्वास जोरात चालतो. एका खणातली दोन-तीनच अशी होतात आणि बाकीची धडधाकट असतात, त्यामुळे 'हीच कमजोर होती' म्हणून विषय मिटवला जातो.

चौथा डुकरांचा श्वसनाचा कोरोना विषाणू. याचा त्रास सौम्य. पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे. डुकरांच्या आतड्यात जुलाब करणाऱ्या एका जुन्या कोरोना विषाणूच्या जनुकाचा एक तुकडा गळाला आणि तो आतडं सोडून फुफ्फुसात राहायला आला. १९८४ मध्ये बेल्जियममध्ये तो प्रथम सापडला. त्याची लागण होऊन गेलेल्या डुकरांना मूळच्या जुलाबापासूनही बरंच संरक्षण मिळतं.

प्रत्यक्षात हे एकेकटे क्वचितच येतात. दोन विषाणू, एक मायकोप्लाझ्मा, वर पाश्चुरेल्ला नावाचा जीवाणू, त्यात ओली जमीन, अशी बेरीज होते आणि साडेतीन-चार महिन्यांची डुकरं आजारी पडतात. म्हणून 'कोणता आजार आहे ते एकदाच सांगा' या प्रश्नाला डॉक्टर लगेच उत्तर देत नाहीत. ते टाळाटाळ करत नसतात.

पिल्लं खोकतात आणि त्याच महिन्यात दोन माद्या गाभडल्या. दोन्हींचा संबंध असेल?

असू शकतो, आणि ही जोडी गंभीर समजा. डुकरीचा गाभणकाळ ११४ दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. शेवटच्या महिन्यात गाभ टाकणं, दिवस भरण्याआधी विणं, मेलेली किंवा उभं राहता न येणारी पिल्लं होणं आणि सोबत लहान पिल्लांचा श्वास फुगणं, हे पीआरआरएसचं ओळखीचं चित्र आहे. कधी कान निळसर पडतात. माद्या गाभडण्याला इतरही कारणं आहेत: क्लासिकल स्वाइन फीवर, जपानी मेंदूज्वर, पार्वोव्हायरस, नुसता कडक उन्हाळासुद्धा. रक्त तपासल्याशिवाय नाव घेऊ नये.

गाभडलेली पिल्लं आणि वार हातमोजे घालून उचला, कुत्र्याला खाऊ देऊ नका. तपासणीसाठी एखादं पिल्लू प्लास्टिकच्या पिशवीत बर्फावर ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवू नका, आणि घरच्या फ्रीजमध्ये तर मुळीच नको.

स्वाइन फ्लू माणसाला डुकरांमुळे होतो का?

२००९ मध्ये जगभर पसरलेल्या एच१एन१ विषाणूचे जनुक डुकरांच्या फ्लूमधून आलेले होते, म्हणून ते नाव पडलं. पण त्यानंतर तो माणसाकडून माणसाला होत आला आहे. पणजीत किंवा मडगावात कोणाला एच१एन१ निघाला, तर तो त्याला बसमध्ये, कार्यालयात किंवा घरात लागलेला असतो. त्या वर्षी लोकांनी डुकराचं मांस सोडलं आणि विकणाऱ्यांचे हाल झाले. त्यात तथ्य काही नव्हतं. शिजवलेल्या मांसातून फ्लू होत नाही.

डुकराबद्दल काळजी वाटते त्याला कारण वेगळं आहे. डुकराच्या श्वासनलिकेत पक्ष्यांच्या आणि माणसांच्या, दोन्ही फ्लूंना चिकटायला जागा असतात. दोन्ही विषाणू एकाच वेळी आत आले तर त्यांच्या जनुकांची अदलाबदल होऊन तिसराच तयार होऊ शकतो. म्हणून डुकरांच्या गोठ्यात कोंबड्या-बदकं मोकळी सोडू नयेत. आपल्याकडे तेच सर्रास दिसतं.

मला सर्दी-ताप आहे. गोठ्यात जाऊ का?

शक्य असेल तर नको. माणसाचा फ्लू डुकरांना होतो, आणि २००९ चा विषाणू अनेक देशांत माणसांनीच डुकरांना दिला. घरात दुसरं कोणी नसेल तर तोंडाला मास्क लावा, हात धुऊन जा, काम आटोपून लवकर बाहेर या. डुकरांत रोज काम करणाऱ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घेतलेली बरी.

आफ्रिकन स्वाइन फीवर हा श्वसनाचा आजार आहे का?

मुळात नाही. तो रक्ताचा आणि रक्तवाहिन्यांचा आजार. पण शेवटी फुफ्फुसात पाणी भरतं, श्वास लागतो, नाकातून फेस किंवा रक्त येतं, आणि पाळणारा 'न्यूमोनिया झाला होता' असं सांगतो. म्हणून इथे त्याला जागा दिली.

हा विषाणू केनियात १९२१ मध्ये वर्णिला गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये तो चीनमध्ये शिरला, २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आला, आणि जुलै २०२२ मध्ये केरळच्या वायनाडमध्ये पोचला. म्हणजे सह्याद्री त्याला आडवा येत नाही. ताप ४०.५ ते ४२ अंश, खाणं बंद, कान-पोट-मांड्यांवर लाल-जांभळे डाग, आणि आठवडा-दोन आठवड्यांत जवळजवळ सगळी डुकरं खलास. माणसाला तो होत नाही. औषध नाही. भारतात सरसकट टोचता येईल अशी लसही नाही. व्हिएतनामने लस वापरात आणली आहे, पण तिच्यावरची चर्चा अजून चालू आहे. कोणी 'आफ्रिकनची लस' म्हणून बाटली विकायला आला तर त्याला फाटकाबाहेरूनच परत पाठवा.

मग सरकारी दवाखान्यात टोचतात ती कशाची लस?

ती क्लासिकल स्वाइन फीवरची. नावात फरक एका शब्दाचा, पण विषाणू पूर्ण वेगळा. लक्षणं मात्र इतकी सारखी की नुसतं बघून कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. क्लासिकलमध्ये डोळे चिकटतात, मागचे पाय लटपटतात, आधी बद्धकोष्ठ आणि मग जुलाब होतात, असं पुस्तकात असतं. गोठ्यात ते तसंच दिसेल याचा भरवसा नाही.

ही लस जरूर घ्या. सशांत वाढवलेली जुनी लस वर्षानुवर्षं होतीच. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने आपल्याच देशातल्या विषाणूपासून पेशीसंवर्धनावर तयार केलेली लस २०२० मध्ये आली. लस दिलेल्या गोठ्यात तापाने डुकरं धडाधड मरू लागली, तर डॉक्टरांचा संशय लगेच आफ्रिकनकडे जातो आणि दोन दिवस वाचतात. टोचल्याची तारीख भिंतीवर खडूने तरी लिहा. लाळ-खुरकुताची लसही डुकरांना देतात, ती वेगळी.

हॉटेलचं उरलेलं घालतो. त्यात वाईट काय?

गोव्यात वराहपालनाचं गणित याच बादलीवर चालतं, हे मला ठाऊक आहे. कळंगुट-बागापासून कोलव्यापर्यंत हॉटेलांत रोज उरलेल्या अन्नाचे ड्रम भरतात. विकतच्या खाद्यावर डुक्कर वाढवायचं तर नफ्याला फार थोडं उरतं. त्यामुळे 'खरकटं बंद करा' म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि ते कोणी ऐकत नाही.

धोका कशात आहे ते बघा. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू गोठवलेल्या आणि खारवलेल्या मांसात महिनोनमहिने जिवंत राहतो. हॉटेलात हॅम, बेकन, सलामी येतं, ते गोव्यातलंच असेल असं नाही. ताटातला एक अर्धवट खाल्लेला तुकडा ड्रममध्ये पडतो, ड्रम टेम्पोतून तुमच्याकडे येतो, आणि कुंपण, मास्क, फवारणी यांचा काही उपयोग उरत नाही. १९५७ मध्ये हा आजार आफ्रिकेबाहेर पहिल्यांदा गेला तो पोर्तुगालमध्ये, लिस्बनजवळ, आणि विमानातल्या उरलेल्या जेवणातून गेला, असं मानतात.

घालायचंच असेल तर शिजवून घाला, आणि शिजवणं म्हणजे कोमट करणं नव्हे. जागतिक पशुआरोग्य संघटनेचं मानक आहे ९० अंश सेल्सिअसला किमान एक तास, सतत ढवळत. चुलीवर मोठं पातेलं ठेवून उकळी फुटल्यावर घड्याळ लावा आणि तासभर ढवळत राहा, तळाशी ढीग राहू देऊ नका. कच्च्या खरकट्याची बादली वेगळी, शिजलेल्याची वेगळी. एकच बादली वापरलीत तर तासभराचं लाकूड वाया गेलं. हॉटेलवाल्याला डुकराचं मांस वेगळं टाकायला सांगून बघा. शाकाहारी हॉटेलचं किंवा नुसतं भात-भाजीचं मिळत असेल तर ते आधी पकडा.

हॉटेलच्या खरकट्यात प्लास्टिक, टूथपिक, हाडं आणि भरपूर मीठ असतं. मिठाने डुकरांना झटके येतात, विशेषतः पाणी कमी पडलं तर. ते बघून मेंदूचा विषाणू समजून धावपळ झालेली आहे.

चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) खाल्ल्याने आम्हाला काही होईल का?

या विषाणूंपैकी काही होणार नाही. चोरीस आपण तशीही कांदा घालून चांगली शिजवून खातो. प्रश्न डुकरांचा आहे. चोरीस कच्च्या मांसाची: मीठ, मिरची, व्हिनेगर लावून उन्हात किंवा धुरावर सुकवलेली. ती शिजवलेली नसते. आजारी डुकराचं मांस त्यात गेलं असेल, तर आतड्याच्या साली, मांस धुतलेलं पाणी, उरलेले तुकडे यांतून विषाणू पुन्हा गोठ्यात येऊ शकतो. घरी चोरीस करत असाल तर ते पाणी डुकरांच्या कुंडात ओतू नका. नाताळच्या आधी अनेक घरांत एकाच अंगणात एकीकडे मांस कापणं चालतं आणि दुसरीकडे डुकरं असतात. मधे निदान एक भिंत आणि वेगळी चप्पल असू द्या.

पावसाळ्यात खोकला का वाढतो?

कारण आपण गोठा बंद करतो. जून लागला की निळी ताडपत्री चारी बाजूंनी बांधली जाते. पाऊस आत येत नाही हे खरं, पण हवाही येत नाही. खाली मूत आणि शेण, वर दमट हवा, मधे अमोनिया. अमोनियामुळे श्वासनलिकेच्या आतले बारीक केस, जे धूळ आणि जंतू वर ढकलून बाहेर काढतात, ते निकामी होतात. मग जो जंतू एरवी शिंकेसरशी बाहेर गेला असता तो खाली फुफ्फुसात उतरतो. अमोनिया २५ पीपीएमच्या वर जाऊ नये असं सांगतात. यंत्र कोणाकडे असतं? पहाटे गोठ्यात शिरून डुकराच्या उंचीवर खाली बसा. डोळे चुरचुरले तर ते जास्तच आहे. उभं राहून हे कळत नाही.

ताडपत्री खालून बांधा आणि छपराच्या कडेला हातभर फट सोडा. गरम, ओली हवा वर जाते आणि फटीतून निघते, डुकरांच्या अंगावर वारा येत नाही. जमिनीला उतार हवा, म्हणजे मूत साचत नाही. झोपायची जागा कोरडी हवी, भाताचं तण, म्हणजे पेंढा, चालेल, पण ओलं झालं की काढा. मोठ्या डुकराला निदान एक चौरस मीटर जागा लागते. डिसेंबरच्या विक्रीसाठी जुलैत पिल्लं कोंबून भरली जातात, आणि सप्टेंबरात खोकला सुरू झाला की दोष हवामानाला दिला जातो.

डिसेंबर-जानेवारीतला त्रास वेगळा. सत्तरी-सांगेच्या बाजूला पहाटे गारठा आणि दुपारी ऊन. दूध तोडलेल्या पिल्लांना हा फरक सोसत नाही. त्यांना रात्री आडोसा द्या, मोठ्यांना फारसा लागत नाही.

खोकला दिसला की अँटिबायोटिक सुरू करू का?

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. मागून येणाऱ्या जीवाणूंवर चालतं, म्हणून डॉक्टर ते देतात. पण कोणतं, हे महत्त्वाचं. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, आणि पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन नेमकं तीच तोडायचं काम करतात. म्हणजे दुकानदाराने दिलेलं अमॉक्सिसिलिन त्या खोकल्यावर पाण्याइतकंच. कोलिस्टिन तर मांस-दूध-अंडी देणाऱ्या जनावरांना द्यायला भारतात २०१९ पासून बंदी आहे, तरी जुने लोक अजून नाव घेतात. औषध दिल्यावर ठरावीक दिवस डुक्कर कापायचं नसतं, ते दिवस विचारून लिहून ठेवा.

नवीन पिल्लं आणताना काय बघावं?

कुठून आणता हे आधी. कुर्टी-फोंडा इथलं सरकारी वराहपालन केंद्र किंवा जुन्या गोव्यात एला इथली केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था, अशा ठिकाणची पिल्लं मिळाली तर उत्तम. वाट बघावी लागते. अनेक जण बेळगाव-खानापूरकडून, चोर्ला किंवा अनमोड घाटाने येणारी पिल्लं घेतात. स्वस्त असतात, पण एकाच टेम्पोत चार ठिकाणची कोंबलेली असतात आणि एकाचा आजार गोव्यात पोचेपर्यंत सगळ्यांना मिळतो.

आणलेली पिल्लं तीस दिवस वेगळी ठेवा. गोठ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात नव्हे, दुसऱ्या छपराखाली आणि जमेल तितकं लांब. त्यांची बादली, झाडू, बूट वेगळे. आधी जुन्यांचं काम, शेवटी नव्यांचं. पीआरआरएस झालेलं डुक्कर वरून बरं दिसत असताना काही महिने विषाणू बाळगून असतं, म्हणून शक्य असेल तर मिसळण्याआधी रक्त तपासा. गावात वळू म्हणून फिरवला जाणारा एकच नर हाही आजार घरोघर नेतो. वीर्यातूनही पीआरआरएस जातो.

तुमच्याकडेच जन्मलेल्या पिल्लांना पहिल्या बारा तासांत चीक मिळाला का बघा. डुकराच्या पिल्लाला आईच्या पोटात प्रतिपिंडं मिळत नाहीत, सगळी चिकातून येतात. मागे राहिलेलं दुबळं पिल्लू उचलून आचळाला लावणं, यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

आपलं गावठी डुक्कर आजारी पडत नाही म्हणतात. खरं?

अर्धं खरं. काणकोणच्या आगोंद गावाचं नाव मिळालेली 'आगोंदा गोवन' ही आपली नोंदणीकृत जात. इथल्या उष्ण, दमट हवेत आणि साध्या खाण्यावर ती यॉर्कशायर या विलायती जातीपेक्षा चांगली टिकते. किरकोळ खोकल्याला दाद देत नाही. पण आफ्रिकन किंवा क्लासिकल स्वाइन फीवरसमोर पाळीव डुकराची कोणतीच जात सुटत नाही. आफ्रिकेतलं वॉर्टहॉग हे रानटी डुक्कर विषाणू अंगात घेऊन मजेत फिरतं, ती गोष्ट वेगळी.

गोठ्यावर आंबा-काजूची झाडं आहेत. वटवाघळं येतात. निपाहची भीती आहे?

गोव्यातल्या डुकरांत निपाहची भीती बाळगून झोप उडवायचं कारण नाही. पण निपाह हा मुळात डुकरांच्या श्वसनाचा आजार म्हणूनच जगासमोर आला. १९९८-९९ मध्ये मलेशियात डुकरं मोठ्याने भुंकल्यासारखी खोकू लागली आणि पाठोपाठ ती पाळणारी माणसं मेंदूज्वराने आजारी पडली. शंभराच्या वर माणसं गेली आणि दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. फळबागेला लागून गोठे होते, वटवाघळांनी अर्धी खाल्लेली फळं खाली डुकरांत पडत होती. केरळमधल्या २०१८ च्या उद्रेकात डुकरांचा दुवा नव्हता, तरी मलेशियातली मांडणी आपल्या कुळागरांत, म्हणजे घरालगतच्या बागायतींत, जशीच्या तशी दिसते. झाड तोडू नका. गोठ्यावर पूर्ण छप्पर घाला आणि उष्टी फळं डुकरांना घालू नका.

रानडुकरं कुंपणापर्यंत येतात.

येऊ देऊ नका. २०२३ च्या सुरुवातीला तामिळनाडूच्या मुदुमलाईत रानडुकरं आफ्रिकन स्वाइन फीवरने मेली. म्हणजे पश्चिम घाटाच्या रांगेत तो पोचलेला आहे. माजावर आलेली डुकरी रात्री उघड्यावर बांधली की रानडुक्कर येणारच. दुहेरी कुंपण, मधे मीटरभर अंतर. शिकार करणं बेकायदा आहेच. वर ते मांस घरात आणणं म्हणजे गोठा पेटवून देणं. रानात मेलेलं रानडुक्कर दिसलं तर हात न लावता वन खात्याला कळवा.

तपासणीसाठी प्रत्येक डुकराला पकडून रक्त काढावं लागतं का?

नेहमी नाही. फ्लू आणि पीआरआरएससाठी एक सोपी रीत आहे: सुती दोरखंड खणात डुकरांच्या खांद्याच्या उंचीवर टांगायचा. ती कुतूहलाने वीस-तीस मिनिटं चघळतात. मग दोर स्वच्छ पिशवीत पिळून लाळ गोळा करायची. पंचवीस डुकरांचा अंदाज एका नमुन्यात येतो. काथ्याचा दोर चालत नाही, लाळ धरत नाही. नमुना पशुसंवर्धन खात्यामार्फतच जाऊ द्या. गंभीर संशय असेल तर तो भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेपर्यंत जातो.

आफ्रिकन स्वाइन फीवरचा संशय असताना मेलेलं डुक्कर स्वतः फाडून बघू नका. रक्ताचा प्रत्येक थेंब विषाणूने भरलेला असतो.

फिनाइल मारलं तर पुरतं का?

शेणावर मारलेलं कोणतंही औषध शेणालाच लागतं. आधी खरवडा, साबणाच्या पाण्याने घासा, वाळू द्या, मग जंतुनाशक. फ्लू आणि पीआरआरएसच्या विषाणूंवर चरबीचं आवरण असतं, ते साबणानेही फुटतं. सर्कोव्हायरसला आवरण नाही, त्याला साधं फिनाइल किंवा स्पिरिट पुरत नाही. रिकाम्या गोठ्यासाठी २ टक्के कॉस्टिक सोडा, म्हणजे लिटरभर पाण्यात २० ग्रॅम, प्रभावी आहे. पण कातडी आणि डोळे जाळतो, ॲल्युमिनियम खातो. रबरी हातमोजे, चष्मा, आणि सोडा पाण्यात घाला, सोड्यावर पाणी ओतू नका. एका गटाची सगळी डुकरं विकल्यावर गोठा धुऊन आठवडाभर रिकामा ठेवणं, हे औषधापेक्षा जास्त काम करतं.

कळवलं तर सगळी डुकरं मारतील. मग कशाला कळवू?

हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतो. खोकला, फ्लू, मायकोप्लाझ्मा यांसाठी कोणी डुकरं मारत नाही. आफ्रिकन स्वाइन फीवर सिद्ध झाला तर राष्ट्रीय कृती आराखड्यानुसार एक किलोमीटरच्या आतली डुकरं मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. सरकारने मारलेल्या डुकरांची भरपाई मिळते, केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी उचलतात. आजाराने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. त्यामुळे दोन मेल्यावर कळवणारा आणि वीस मेल्यावर कळवणारा, यांत दुसरा बुडतो. २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्यानुसार कळवणं हे मालकाचं कर्तव्यही आहे. आजारी डुकरं घाईने स्वस्तात विकणं हा तर शेजाऱ्याच्या घरात निखारा ठेवण्याचा प्रकार.

मेलेलं डुक्कर कुठे पुरायचं?

उंचवट्यावर, विहीर आणि ओहोळापासून लांब, माणूसभर खोल खड्ड्यात. खाली-वर चुना आणि वरून दगड, म्हणजे कुत्री आणि कोल्हे उकरणार नाहीत. खाजन जमिनीत, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, पुरू नका, तिथे हातभर खाली पाणी लागतं. चिऱ्याच्या सोडलेल्या खाणीत तर टाकूच नका. पावसात ती भरते आणि तेच पाणी पाझरून खालच्या वाड्याच्या विहिरीत उतरतं. खड्डा खणायला आलेल्या माणसांनी पुढचे काही दिवस दुसऱ्याच्या गोठ्यावर कामाला जायचं नाही, आणि त्या दिवसांचा रोज तुम्ही द्यायचा.